तिंगियान कोण? आब्राच्या डोंगरांतील एका समाजाविषयीच्या चर्चेचा आढावा

फिलिपाइन्समधील लुझॉन बेटाच्या वायव्येला, कॉर्डिलेरा पर्वताच्या पश्चिम उतारावर आब्रा हा प्रांत आहे. मधोमध नदीचे सखल खोरे आणि सभोवार चढत गेलेले डोंगर अशी त्याची रचना आहे. खोऱ्यात बहुतांशी इलोकानो भाषिक ख्रिस्ती लोक राहतात. डोंगरात आणि डोंगराच्या पायथ्याशी जो समाज राहतो त्याला तिंगियान किंवा इत्नेग म्हणतात. भातशेती, विणकाम, घंटानृत्य, आत्म्यांना आवाहन करणाऱ्या स्त्रिया आणि जंगल राखण्याची जुनी रीत यांमुळे हा समाज शंभराहून अधिक वर्षे मानववंशशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे. गेल्या पन्नास वर्षांत तो राजकीय वादांच्याही केंद्रस्थानी आला. या काळात त्याच्याविषयी विचारले जाणारे प्रश्नही बदलले. आधी हे लोक आले कुठून, हा मुख्य प्रश्न होता. आता त्यांच्या डोंगरांबद्दल आणि परंपरेबद्दल बोलायचे कोणी, हा प्रश्न त्याहून मोठा झाला आहे.

नाव आणि प्रदेश

‘तिंगियान’ हा शब्द मलय भाषेतील ‘उंच’ या अर्थाच्या ‘तिंग्गी’ शब्दाशी जोडला जातो. सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश लोकांनी तो सैलपणे वापरला आणि इतर बेटांवरील डोंगरवासीयांनाही लावला. पुढे त्याचा अर्थ आकसत आब्रा आणि लगतच्या भागापुरता उरला. ‘इत्नेग’ या नावाची फोड ‘तिनेग नदीकाठचा’ अशी करतात. दोन्ही नावे मुळात शेजाऱ्यांनी दिलेली आहेत. डोंगरातला माणूस आपली ओळख सांगताना आधी आपल्या गावाचे, म्हणजे ‘इली’चे नाव घेतो आणि मग गटाचे: इन्लाउद, माएंग, मासादीत, बिनोंगान, आदासेन, बानाओ, गुबांग, माबाका वगैरे. या गटांच्या बोली एकमेकींच्या जवळच्या असल्या तरी एकसारख्या नाहीत. पूर्वेकडच्या काही गटांची बोली आणि चालीरीती शेजारच्या कलिंगा लोकांशी इतक्या जुळतात की त्यांना कोणत्या समाजात धरायचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्यामुळे ‘तिंगियान’ हे एका समाजाचे नाव मानायचे की अनेक लहान समाजांवर घातलेले पांघरूण, हा पहिला न सुटलेला प्रश्न आहे.

प्रदेशाचे वर्णन आवश्यक आहे, कारण इथली संस्कृती भूगोलाला चिकटून वाढली. आब्रा नदी दक्षिणेकडे माउंट दाताच्या परिसरात उगम पावते, प्रांतातून वाहत जाते आणि किनाऱ्याकडील डोंगररांग बानाओआंगच्या खिंडीत फोडून विगान शहराजवळ समुद्राला मिळते. उत्तरेकडून येणारी तिनेग तिची मोठी उपनदी. उंचावर पाइनची जंगले, खाली बांबू आणि गवताळ टेकड्या, ओढ्यांच्या काठाने उतारावर कोरलेली भाताची खाचरे असे हे दृश्य आहे. तिनेग भागातला कापर्कान धबधबा आज सर्वांत प्रसिद्ध आहे. चुनखडी विरघळलेले पाणी उतारावरून वाहताना थर साचवत जाते, त्यांतून पायऱ्यापायऱ्यांची उथळ कुंडे तयार झाली आहेत आणि पावसाळ्यात ती हिरव्यानिळ्या पाण्याने भरून वाहतात. उन्हाळ्यात पाणी आटते. हाच भूभाग भूकंपप्रवणही आहे. 27 जुलै 2022 रोजी आब्रात 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगरात दरडी कोसळल्या, आणि विगानमधील जुनी घरे व बांताय येथील घंटाघर यांनाही तडे गेले.

उगमाविषयीची मते

हे लोक डोंगरात कधी आणि का आले, याविषयी तीन मते मांडली गेली आहेत.

सर्वांत जुने मत स्थलांतराच्या लाटांचे. अमेरिकी राजवटीत मनिलामध्ये काम करणारे एच. ओट्ली बायर यांनी फिलिपाइन्समध्ये वेगवेगळे मानवसमूह लाटांसारखे एकामागून एक आले आणि आधीचे समूह आत, डोंगराकडे ढकलले गेले अशी मांडणी केली. या मतानुसार डोंगरातले लोक आधीच्या लाटेचे ठरतात आणि किनाऱ्यावरचे नंतरच्या. शाळेच्या पुस्तकांतून ही कल्पना फार खोल रुजली. पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राचा आधार मात्र तिला मिळाला नाही, आणि आज अभ्यासक तिला बाजूला ठेवतात.

दुसरे मत अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ फे-कूपर कोल यांचे. त्यांच्या मते तिंगियान आणि इलोकानो हे मुळात एकाच वंशाचे लोक आहेत. किनाऱ्यावरच्यांनी स्पॅनिश राजवट आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारला, डोंगरातल्यांनी स्वीकारला नाही, आणि आज दिसणारा फरक तिथून वाढत गेला. मानववंशशास्त्रज्ञ फेलिक्स कीझिंग यांनी 1962 च्या आपल्या उत्तर लुझॉनविषयीच्या ग्रंथात या विचाराला ऐतिहासिक कागदपत्रांचा आधार दिला. करवसुली, सक्तीचे श्रम आणि मिशनऱ्यांच्या वस्त्यांत राहण्याची सक्ती टाळण्यासाठी अनेक समूह वर सरकले, असे त्यांचे म्हणणे.

तिसरे मत इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांचे. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द डिस्कव्हरी ऑफ द इगोरोट्स’ या ग्रंथात (‘इगोरोट’ हे कॉर्डिलेरातील डोंगरी लोकांचे सर्वसाधारण नाव) त्यांनी स्पॅनिश दफ्तरे चाळून दाखवले की डोंगर आणि किनारा यांच्यातली दरी फार जुनी नाही. मेण, सोने, मीठ, कापड आणि जनावरे यांचा व्यापार कायम चालू होता. वसाहतवाद्यांना न जुमानणारे ते ‘रानटी’ आणि जुमानणारे ते ‘सुधारलेले’, अशी विभागणी सत्तेने केली आणि पुढे तीच वांशिक फरक म्हणून मान्य झाली.

स्कॉट यांच्या म्हणण्याला तिंगियानांच्या घरातच पुरावा सापडतो. समुद्रापासून दूर राहणाऱ्या या लोकांच्या आवाहनविधीतले मुख्य साधन म्हणजे ‘पिलिंग’: दोऱ्यात ओवलेले मोठे समुद्री शिंपले आणि त्यांच्या सोबतीला चिनी बशी. श्रीमंतीची खूण म्हणजे व्यापारातून आलेले चिनी रांजण. कोल यांनी नोंदवलेल्या ‘मागसावी’ या रांजणाविषयी लोक सांगत की तो हळू आवाजात बोलतो, इलोकोस नॉर्टेमध्ये असलेल्या आपल्या रांजण-पत्नीला भेटायला एकटाच प्रवास करतो आणि त्याचे लहान रांजण-मूल सान क्विंतिन गावात आहे. दंतकथाच ती, पण डोंगर आणि किनारा यांच्यातल्या नात्यागोत्यांचा नकाशाच तिच्यात आहे.

बंडांच्या इतिहासातही हे नाते दिसते. 1763 मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या इलोकानो नेत्याची, दिएगो सिलांगची, हत्या झाल्यावर त्याची पत्नी गाब्रिएला आब्राच्या डोंगरात गेली आणि तिंगियान योद्ध्यांना सोबत घेऊन लढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विगानला तिला फाशी दिली गेली. तिची आई तिंगियान होती असे अनेक ठिकाणी लिहिले जाते. यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पुढे 1889 मध्ये ‘एल फोक-लोर फिलिपिनो’ लिहिणारे विगानचे इसाबेलो दे लोस रेयेस यांनी स्वतःला इगोरोट आणि तिंगियानांचे भाऊ म्हणवून घेतले. त्या काळच्या शहरी, ख्रिस्ती, स्पॅनिश लिहिणाऱ्या माणसाने असे म्हणणे हे धाडसच होते.

कीझिंग आणि स्कॉट यांची मते आज एकमेकांना पूरक मानली जातात. तरी एक अडचण उरते. उतारावरची खाचरे किती जुनी आहेत, याचे पुरातत्त्वीय संशोधन कॉर्डिलेरातल्याच इफुगाओत बरेच झाले आहे, आणि तिथेही जुन्या कालमापनाला अलीकडे आव्हान मिळाले. आब्रात तितके खोल काम झालेले नाही, म्हणून इफुगाओचे निष्कर्ष इथे थेट लावता येत नाहीत.

कोल यांची नोंद आणि तिचा वापर

तिंगियान संस्कृतीचे जे चित्र जगाला माहीत आहे ते बहुतांशी एका दांपत्याने काढलेले आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियमतर्फे फे-कूपर कोल आणि त्यांच्या पत्नी मेबल कुक कोल 1907–08 मध्ये आब्रात राहिले. त्यातून 1915 मध्ये कथांचा संग्रह आणि 1922 मध्ये समाज, धर्म व अर्थव्यवहार यांवरचा मोठा ग्रंथ आला. मेबल यांनी 1916 मध्ये फिलिपाइन्सच्या लोककथांचे पुस्तक सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिले. 1922 च्या ग्रंथातले संगीतावरचे प्रकरण अल्बर्ट गेल यांनी ध्वनिमुद्रणांवरून तयार केले.

या कथांत आपोनितोलाउ आणि आपोनिबोलिनायेन हे नायक-नायिका आहेत. कादालायापान आणि काओदानान ही त्यांची गावे. आपोनिबोलिनायेन सूर्याची पत्नी होते, तर आपोनितोलाउ एका तारकेशी लग्न करतो. समारंभाचे आमंत्रण सोन्याने मढवलेली सुपारी घेऊन जाते, आणि पाहुणा नाही म्हणाला तर ती त्याच्या गुडघ्यावर उगवून वाढत जाते, तो हो म्हणेपर्यंत. माणसे, रांजण, नद्या, तारे सगळे एकाच घरातल्या माणसांसारखे बोलतात.

कोल यांनी या कथांवरून जुन्या तिंगियान समाजाचे चित्र उभे करण्याचा प्रयत्न केला: घरे कशी होती, लग्ने कशी ठरत, विधी कोण करत. त्यांच्या काळी ही पद्धत सर्वमान्य होती. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यावर दोन आक्षेप घेतले. एक, कथा ही इतिहासाची साठवण नसते, सांगणाराही प्रसंग पाहून ती बदलतो. दोन, एका विशिष्ट क्षणी पाहिलेला समाज पुस्तकात गोठतो आणि तोच खरा, अस्सल तिंगियान ठरतो. उलट बाजूने असे म्हटले जाते की कोल यांनी नोंद घेतली नसती तर आज अनेक विधींची रूपरेषाही उरली नसती. हे दोन्ही खरे आहे. कोल यांच्या पुस्तकांचा तपशील अजूनही अतुलनीय आहे, पण ते वाचताना तो काळ अमेरिकी राजवटीचा होता, हे विसरून चालत नाही.

विधी, देव आणि माध्यमे

तिंगियान धर्मव्यवहाराचा गाभा म्हणजे ‘आलोपोगान’, आत्म्यांना अंगात बोलावणारी माध्यमे. त्या प्रायः मध्यम वय ओलांडलेल्या स्त्रिया असतात, पुरुषांना मनाई नसते. शिकाऊ स्त्री जाणत्या माध्यमाकडे काही महिने राहते आणि ‘दियाम’, म्हणजे बळी देताना म्हणावयाची कथनपर आवाहने, शब्दशः पाठ करते. आजारपण, घरातील अपशकुन, नवे घर, शोकाची समाप्ती अशा प्रत्येक प्रसंगाला वेगळा विधी असतो. डुकराच्या यकृतावरून शकुन पाहिला जातो. शोक संपवण्याच्या विधीला ‘लायोग’ म्हणतात. सर्वांत मोठा विधी ‘साय-आंग’. त्याला कित्येक दिवस लागतात, ‘बालाउआ’ नावाचे आत्म्यांचे मोठे घर बांधले जाते आणि गावोगावचे लोक जमतात. उसाच्या रसाची ‘बासी’ नावाची मदिरा, ‘गांगसा’ म्हणजे काशाच्या सपाट घंटांचा नाद आणि स्त्री-पुरुषाच्या जोडीने कापड हातात धरून करायचे ‘तादेक’ नृत्य यांशिवाय तो पुरा होत नाही. गावाच्या वेशीवर ‘पिनाइंग’ नावाचे राखणदार दगड असतात.

आकाशात राहणारा कादाक्लान हा मोठा देव. वीज म्हणजे त्याचा कुत्रा किमात. कादाक्लानला विशेष पूजा हवी असली की किमात झाडाला, शेताला किंवा घराला चावतो. काबुनियान हा लोकांचा मित्र, त्यानेच भात पेरायला आणि आजार बरे करायला शिकवले. काही गावांत या दोघांमधला भेद पुसट आहे, आणि मिशनऱ्यांनी पुढे ‘काबुनियान’ हेच नाव ख्रिस्ती ईश्वरासाठी वापरले. त्यामुळे मूळ धर्मात एकच सर्वोच्च देव होता की ती कल्पना ख्रिस्ती शिकवणीच्या सहवासातून ठळक झाली, यावर मतभेद आहेत. कॅथलिक धर्मप्रसारक आब्रात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून येत होते. 1909 मध्ये आलेल्या ‘सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड’ (एसव्हीडी) या संघाच्या मिशनऱ्यांनी तिथे शाळा आणि चर्चची घडी बसवली. आज बहुतेक तिंगियान ख्रिस्ती आहेत. अनेक घरांत बाप्तिस्मा आणि लायोग दोन्ही होतात. काहींच्या मते हा मिश्रणाचा अपरिहार्य टप्पा आहे, काहींच्या मते लोक दोन्ही व्यवस्था वेगवेगळ्या कामांसाठी समजून उमजून वापरतात.

नृत्यसंगीताचे स्थानही बदलले. तादेक आता शाळेच्या मैदानावर आणि प्रांतोत्सवांत होते. नाकाने वाजवायची बासरी आणि दगडावर आपटायच्या बांबूच्या नळ्या मात्र क्वचित ऐकू येतात. रंगमंचावरच्या नृत्याने तरुणांना परंपरेशी बांधून ठेवले, असे शिक्षक आणि सांस्कृतिक कार्यकर्ते सांगतात. विधीचा संदर्भ सुटला की नृत्याचा क्रम आणि त्याला मिळणारा प्रतिसाद दोन्ही हरवतात, असे वयस्कर लोकांचे म्हणणे आहे.

कापड

विणकामाच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि इथे थोडे थांबायला हवे. तिंगियान स्त्रिया कापसाच्या सुताची पांघरुणे, लाल पट्ट्यांची लुगडी आणि कमरपट्टे विणतात. ‘पिनिलियान’ पद्धतीत पायाच्या कापडात आडव्या धाग्यांची जादा भर घालून माणूस, घोडा, तारा असे आकार उठवले जातात. नीळ हा जुना आणि जपलेला रंग. पांढऱ्या भूमीवर गर्द निळ्या आकृतींची पांघरुणे विधींच्या वेळी टांगली जातात. बाजारासाठी विणलेल्या कापडापेक्षा त्यांचे काम वेगळे. अंत्यविधीतही कापडाला निश्चित जागा आहे. पूर्वी कोपरापासून मनगटापर्यंत मण्यांच्या माळा बांधलेल्या स्त्रिया सर्वत्र दिसत.

शेजारच्या इलोकोस भागातही असेच माग आहेत आणि तिथल्या ‘आबेल’ कापडाची मोठी बाजारपेठ आहे. दोन्हीकडच्या काही आकृती सारख्या. कोणी कोणाकडून घेतले? एक बाजू म्हणते की आकृती डोंगरातल्या विधीतून आल्या आणि किनाऱ्यावर शोभेच्या झाल्या. दुसरी बाजू उलट प्रवास दाखवते. कापडाच्या इतिहासाच्या अभ्यासक नॉर्मा रेस्पिसियो यांच्यासारख्यांनी इलोकानो आणि इत्नेग विणकाम एकत्र ठेवून पाहिले, आणि त्यांच्या कामामुळे सामायिक परंपरेचे चित्र अधिक पटू लागले. ते कोल आणि स्कॉट यांच्या निष्कर्षांशीही जुळते. तरी एक व्यावहारिक प्रश्न राहतो. विधीसाठी राखलेली आकृती पर्स आणि टेबलक्लॉथवर छापली गेली तर तिच्यावर हक्क कोणाचा? स्वामित्वाचे आधुनिक कायदे एका निर्मात्याला ओळखतात. पिढ्यान् पिढ्या गावाने मिळून सांभाळलेल्या आकृतीला ते अपुरे पडतात.

जंगल, ‘लापात’ आणि जमिनीचा हक्क

‘लापात’ म्हणजे ठरावीक काळापुरती बंदी. गावातील वडीलधारे, ‘लाकाय’, बसून ठरवतात की अमुक जंगलात किंवा नदीच्या अमुक भागात इतके दिवस तोड, शिकार, मासेमारी करायची नाही. विधी होतो, खूण लावली जाते आणि मोडणाऱ्याला जनावर किंवा धान्याचा दंड भरावा लागतो. मराठी वाचकाला देवराई आठवेल, पण फरक मोठा आहे. देवराई कायम राखलेली असते. लापात उघडते आणि मिटते, म्हणजे ती वापराचे वेळापत्रक आहे. शेजारच्या आपायाओतही लापात आहे, तिथे ती मृत्यूनंतरच्या शोकाशी जोडलेली असते.

पर्यावरण अभ्यासकांनी आणि सरकारी वनखात्याने लापातला आदर्श म्हणून उचलून धरले, आणि काही ठिकाणी तिला स्थानिक नियमांत जागा मिळाली. त्यावर दोन मते आहेत. कायद्याचा आधार मिळाल्याने बाहेरच्या ठेकेदारालाही ती पाळावी लागेल, हे पहिले. दुसरे असे की लापातचे बळ वडीलधाऱ्यांच्या शब्दात आणि आत्म्यांच्या भीतीत आहे. ती फॉर्मवर उतरली की वनरक्षकाशी घासाघीस करण्याची आणखी एक बाब होऊन बसते. या दोन मतांत निवड करायला पुरेसे अनुभवसिद्ध काम अजून झालेले नाही.

जंगलाच्या प्रश्नाने 1970 च्या दशकात समाजाला राजकारणात ओढले. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीत 1973 नंतर हर्मिनियो दिसिनी यांच्या सेलोफिल रिसोर्सेस कॉर्पोरेशनला आब्रा आणि लगतच्या प्रांतांत सुमारे दोन लाख हेक्टर जंगलाचे हक्क मिळाले आणि आब्रातल्या तायुमला कागदाच्या लगद्याचा कारखाना उभा राहिला. पाइन तोडले गेले, गुरचरणाच्या आणि शेतीच्या जमिनींवर गदा आली. तिंगियान गावांनी जुन्या ‘बोदोंग’ या शांतिकराराचा वापर करून एकजूट केली. पूर्वी शिरच्छेदाच्या सूडचक्राला आळा घालणारा हा करार या वेळी गावागावांतला विरोध बांधण्यासाठी उपयोगी पडला. कॉर्डिलेराच्या इतिहासात चिको नदीवरच्या धरणांविरुद्धच्या लढ्याइतकेच या लढ्याला महत्त्व आहे.

या विरोधात सामील झालेले, आब्रातल्या मालिबकोंगचे तिंगियान पाद्री कोनरादो बाल्वेग 1979 मध्ये भूमिगत कम्युनिस्ट सैन्यात गेले. 1986 मध्ये ते त्यातून फुटले, त्यांनी स्वतःचे कॉर्डिलेरा पीपल्स लिबरेशन आर्मी हे दल काढले आणि 13 सप्टेंबरला माउंट दाता येथे अध्यक्षा कोराझोन आकिनो यांच्याशी पारंपरिक पद्धतीने शांतिकरार केला. 1999 च्या अखेरीस त्यांची हत्या झाली. त्यांच्याविषयी मते आजही टोकाची आहेत: काहींसाठी डोंगराचा आवाज देशाच्या राजधानीपर्यंत नेणारा नेता, काहींसाठी चळवळ फोडणारा. 15 जुलै 1987 च्या आदेशाने कॉर्डिलेरा प्रशासकीय विभाग झाला आणि आब्रा त्यात घातला गेला. स्वायत्ततेसाठी 1990 आणि 1998 मध्ये झालेल्या दोन्ही सार्वमतांत आब्राने नकार दिला. मतदारांत इलोकानो भाषिक जास्त होते, हे एक कारण सांगितले जाते. दुसरे असे की अनेक तिंगियान स्वतःला ‘इगोरोट’ म्हणवून घेत नाहीत आणि बागिओ-बोंतोककडून येणारी कॉर्डिलेरा ओळख त्यांना पूर्ण आपली वाटत नाही.

1997 च्या आदिवासी हक्क कायद्याने पूर्वजांच्या भूमीवरचा हक्क मान्य केला आणि खाण किंवा धरणाआधी समाजाची पूर्वसंमती बंधनकारक केली. त्याविरुद्धची याचिका 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध सात अशा समान मतांनी फेटाळली गेली, म्हणून कायदा टिकला. अंमलबजावणीवर मात्र तक्रारी आहेत. संमती कोणाची: लाकाय मंडळींची, पंचायतीची, की सर्व रहिवाशांची? खाणीच्या बाजूने बोलणारे तरुण रोजगाराकडे बोट दाखवतात, विरोधक नदीकडे. आब्रातील सोने-तांब्याच्या साठ्यांवर दृष्टी असलेल्यांची संख्या पाहता हा प्रश्न तात्पुरता नाही.

सध्या

आज प्रश्न मुख्यतः तीन दिशांना उभे आहेत. पहिली पर्यटनाची. कापर्कानपर्यंतची वाट खडतर आहे, पण समाजमाध्यमांमुळे गर्दी वाढली आहे, आणि चुन्याच्या थरांवर पाय पडत राहिले तर ती कुंडे किती टिकतील, याचा विचार गावातही चालू आहे. दुसरी भाषेची. घरातली बोली बाजूला पडून इलोकानो आणि तागालोग वाढत आहेत. दियामचे शब्द जुन्या बोलीतले असल्याने तरुण पिढीला ते ऐकताना अर्थ लागत नाही. तिसरी संग्रहांची. फील्ड म्युझियममध्ये फिलिपाइन्सच्या सुमारे दहा हजार वस्तू आहेत आणि कोल यांनी आब्रातून नेलेल्या वस्तू त्यांत आहेत. अलीकडे संग्रहालयाने शिकागोतील फिलिपिनो समाजाला संग्रहाची निगा आणि मांडणी यांत सहभागी करून घेतले. या वस्तू डोंगरातल्या गावांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचाव्यात, छायाचित्र म्हणून, प्रतिकृती म्हणून, की मूळ वस्तू म्हणून, यावर चर्चा नुकतीच सुरू झाली आहे.